एका कार्बोरेटरची कैफियत

याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात द्रव्यशुद्धीचे एक प्रकरण आहे, आणि त्यात कथील, शिसे व तांबे हे धातू क्षाराने, आम्लाने व पाण्याने शुद्ध करावेत अशी व्यवस्था लावून दिलेली आहे. परंतु पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी गोणपाटावर मांडलेला, आणि तेल, धूळ व वाळलेले पेट्रोल यांच्या एकजीव लेपाखाली ज्याचा मूळ आकार केवळ अनुमानप्रमाणानेच सिद्ध करावा लागतो असा प्रीमियर पद्मिनीचा कार्बोरेटर कोणत्या विधीने शुद्ध करावा, किंबहुना शुद्ध करावा की सरळ मोडीत काढावा, याविषयी स्मृतिकार मौन धरून आहेत.

पद्मिनीच्या मालकाला असल्या मौनाची सवय असते. मुळात इटलीची फियाट 1100 असलेली, कुर्ल्याच्या कारखान्यात दत्तक आलेली आणि 1970 नंतरच्या दशकात चितोडच्या राणीचे नाव धारण केलेली ही गाडी चालू शतक उजाडते न उजाडते तोच निघायची बंद झाली. मुंबईची शेवटची काळीपिवळी पद्मिनीदेखील 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुदत संपून रस्त्यावरून उतरली. तेव्हा 1089 घनसेंटिमीटरचे ते इंजिन ज्याच्या दारात अद्याप सुखाने नांदते आहे, त्या गृहस्थाने दिसेल तो सुटा भाग पुढेमागे लागेल म्हणून उचलावा, हे ओघानेच आले. विक्रेत्याने त्या काळ्या गोळ्याकडे बोट दाखवून "साहेब, काही नाही, फक्त धुवायचाय," असे अभय दिले. जुन्या बाजारातल्या यच्चयावत वस्तू फक्त धुवायच्याच राहिलेल्या असतात, हे मी जाणून होतो. तरीही एका कडेला अंगठ्याच्या नखाने खरवडताच 'सोलेक्स' या नावातली काही अक्षरे उघडी पडली, आणि ताम्रपट हाती लागलेल्या संशोधकाच्या उतावीळपणाने मी सांगितलेली किंमत मोजून मोकळा झालो. घासाघीस पुढे घरी व्हायचीच होती.

घरी प्रकरण दाखल होण्यापूर्वीच आमच्या सौभाग्यवतींनी निकाल देऊन टाकला. "अहो, भंगारवाला अजून गल्लीतच आहे. तो वळायच्या आत द्या." या हुकुमाची तामिली झालीही असती, पण शेजारचे आप्पा, जे दिवाणी न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले असले तरी न्यायालय ज्यांच्यातून अद्याप निवृत्त झालेले नाही, ते नेमके त्याच वेळी वर्तमानपत्र परत करायला आले होते. "वहिनी," ते गंभीरपणे म्हणाले, "पंचनाम्याखेरीज मुद्देमालाची विल्हेवाट लावता येत नाही."

आणि या खटल्याची खरी मेख इथेच होती. कार्बोरेटरला दोन प्रकारच्या व्याधी होतात, मळ आणि झीज. मळ साध्य आहे, झीज बहुधा असाध्य. आणि झीज आहे की नाही हे मळ काढल्यावाचून कळण्याची सोय विधात्याने ठेवलेली नाही. म्हणजे वस्तू स्वच्छ करण्याच्या लायकीची आहे काय, हे ठरविण्यासाठी ती आधी स्वच्छ करावी लागते. आणि एकदा स्वच्छ केल्यावर तो प्रश्न उरतच नाही. असा निवाडा ज्या न्यायासनापुढे चालतो त्याची पायरी शहाण्याने चढू नये, पण तोवर मी घमेल्यात रॉकेल ओतून बसलो होतो.

जिज्ञासूंसाठी सांगतो की या यंत्राचे मर्म त्याच्या चिंचोळ्या गळ्यात आहे. अरुंद जागेतून जाताना प्रवाहाचा वेग वाढतो आणि दाब उतरतो, हे व्हेंचुरी नावाच्या इटालियन पदार्थविज्ञानवेत्त्याने, जो पेशाने धर्मगुरूही होता, 1797 साली प्रयोगांनिशी प्रसिद्ध केले. त्याच उतरलेल्या दाबामुळे पितळी जेटच्या सूक्ष्म छिद्रातून पेट्रोल ओढले जाते आणि हवेत तुषाररूपाने मिसळते. पेट्रोल वर्षानुवर्षे पडून उडून गेले की मागे राळेसारखा चिकट थर राहतो, आणि धर्मगुरूंचा सिद्धांत अबाधित राहूनही गाडी जागची हलत नाही.

मी टूथब्रशने घासत असता सौभाग्यवती, ज्यांचा विरोध तत्त्वाचा असून घासण्याच्या कलेशी त्यांचे वैर नाही, बाहेर येऊन काही वेळ पाहत राहिल्या आणि न राहवून म्हणाल्या, "असं कुठं घासतात का? चिंच लावा. समया कशा निघतात!" येथे मात्र मला याज्ञवल्क्यांच्या बाजूने उभे राहता आले. जेट पितळी असले तरी या कार्बोरेटरचा मुख्य देह जस्ताच्या मिश्रधातूचा; जस्त आम्लानेही खाल्ले जाते आणि तीव्र क्षारानेही, आणि ऋषींनी त्या ओळीत जस्ताचे नाव घेतलेले नाही. हे ऐकून आप्पांनी मान डोलावली व निर्णयाच्या पुष्ट्यर्थ आणखी एक कप चहा घेतला.

पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवून पाहिला. त्याला भोक असते तर बुडबुडे आले असते. ते आले नाहीत. बुडाची फ्लँज काचेवर ठेवली, ती डुगडुगली नाही. जेट उजेडाकडे धरले असता पलीकडचे आकाश टाचणीच्या टोकाएवढे दिसले. जेटमध्ये तार घालू नये, छिद्र मोठे होऊन पेट्रोल वाजवीपेक्षा जास्त जाते, हा या शास्त्रातला पहिला निर्बंध. आणि क्लचच्या केबलची एक बारीक काडी त्याच कामासाठी खिशात बाळगणे हा प्रत्येक मिस्त्रीचा वहिवाटीने सिद्ध झालेला हक्क.

आमच्या मिस्त्रींनी संध्याकाळी तो हातात घेतला, इकडून तिकडून न्याहाळला, "चकाचक केलात हो साहेब," असा शेरा मारला आणि थ्रॉटलचा स्पिंडल दोन बोटांत धरून नुसता हलवला. तो खडखडला. छिद्र झिजून लांबट झाले होते. तिथून आगंतुक हवा आत शिरणार, आणि गाडी सिग्नलला उभी राहिली की धाप लागल्यासारखी थरथरणार, हे त्यांनी न बोलता केवळ भुवयांनी समजावून दिले.

"म्हणजे मोडीत," मी म्हणालो.

"मोडीत कशाला?" हा आवाज मिस्त्रींचा नव्हता. सकाळी ज्यांनी भंगारवाल्याला हाक मारण्याची तयारी केली होती त्याच आमच्या सौभाग्यवती पदराला हात पुसत दारात उभ्या होत्या. "आता इतका लख्ख निघालाय तर टाकायचा? काहीतरी करता येत असेल की."

करता येत होते. लेथवाल्याकडून छिद्र मोठे करून त्यात पितळी बुश बसवायचे. त्याची मजुरी मिस्त्रींनी सांगितली, आणि ती कार्बोरेटरच्या खरेदीहून बरीच जास्त निघाली. आप्पांनी हे वरिष्ठ न्यायालयातले अपील असल्याने कोर्ट फी वाढणारच असा खुलासा केला. मिस्त्रींनी तो एका फडक्यात गुंडाळला व निघता निघता विचारले, "साहेब, लेथवाल्याकडे असाच एक डिस्ट्रिब्युटर पडलाय पद्मिनीचा. फक्त धुवायचाय. सांगू का?"