स्वीडिश जावयाचे सणवार: सासुरवाडीसाठी मार्गदर्शिका

पुणे-पिंपरीच्या पट्ट्यात एसकेएफ, सँडविक, अल्फा लाव्हाल, ॲटलस कॉप्को अशा स्वीडिश कंपन्या कित्येक दशकं ठाण मांडून आहेत. त्यामुळे एखादा स्वीडिश इंजिनिअर दोन वर्षांसाठी इथे येतो, मुक्काम वाढवत नेतो आणि शेवटी कुणाचा तरी जावई होतो, हे आता अगदी अघटित राहिलेलं नाही. आमच्याकडे घडलं. तुमच्याकडे घडायची चिन्हं दिसत असतील, तर हे पान कापून फ्रीजवर लावून ठेवा.

सर्वांत आधी ध्यानात घ्या, की स्वीडिश माणूस स्वीडनमध्ये असताना फारसा स्वीडिश नसतो. आमचे जावईबापू लग्नाआधी म्हणाले होते, "मी सणबिण मानत नाही." विहीणबाईंनीही दुजोरा दिला. नाताळात घरभर धावपळ चाललेली असताना हा सोफ्यावर पाय पसरून झोपलेला असायचा म्हणे. तोच मुलगा बाणेरला बाराव्या मजल्यावर राहायला आला आणि नोव्हेंबर सरत नाही तोवर खिडकीत कागदी चांदणी टांगू लागला. चार मेणबत्त्या ओळीने मांडायच्या आणि नाताळाआधीच्या चार रविवारी एकेक जास्त पेटवत जायची, यात आता त्याच्याकडून खाडा होत नाही. सदाशिव पेठेत असताना ज्याने कधी आरतीला टाळ धरला नाही, तो न्यू जर्सीत गेल्यावर ढोल-ताशा पथकाचा सरचिटणीस होतो, त्यातलाच हा प्रकार. इलाज नाही. सामानाची यादी करायला घ्या.

सामान बहुतेक घरातच सापडेल. स्वीडिश बेकरी म्हणजे निम्मा आपला मसाल्याचा डबा. त्यांच्या गोड बनपावात वेलची असते. दालचिनीच्या बनाला तर त्यांनी 1999पासून 4 ऑक्टोबर हा स्वतंत्र दिवस देऊन टाकला आहे. डिसेंबरातल्या बनांना केशर लागतं. त्या पिठात 'क्वार्क' घाला असं कृतीत लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका, चक्का घाला. वरून पेरायच्या जाड साखरेसाठी खडीसाखर खलबत्त्यात भरडा. आणि शेपू! ज्या भाजीचं नाव काढलं की आमचे चिरंजीव पानावरून उठायचे, ती भाजी हा मुलगा बटाट्यांवर, माशांवर, कोळंबीवर कोथिंबिरीसारखी भुरभुरवतो. ऑगस्टच्या बेतासाठी तर शेपू फुलोऱ्यावर आलेलाच हवा. मंडईत भाजीवालीला सांगा, "जून झालेला, तुरे आलेला ठेव." ती आधी तुमच्याकडे निरखून बघेल, मग फुकट देईल.

हेरिंगचा प्रश्न मात्र खरा आहे. नाताळ असो, ईस्टर असो की जूनमधला मिडसोम्मार, ताटात पहिला मान गोड-आंबट हेरिंगचा, म्हणजे 'सिल'चा. आपल्या समुद्रात हेरिंग नाही, पण तिच्याच कुळातली तारली आहे. स्वीडिश गृहिणींचं सूत्र तोंडपाठ करायला सोपं: एक, दोन, तीन. एक भाग व्हिनेगर, दोन भाग साखर, तीन भाग पाणी. पहिल्या वर्षी मी ते प्रामाणिकपणे पाळलं आणि पाकातली तारली तयार झाली. जावयाने एक घास घेतला आणि अतिशय सभ्यपणे पाणी प्यायला. नंतर विहीणबाईंनी त्यांच्याकडची बाटली व्हिडिओ कॉलवर दाखवली, तेव्हा उलगडा झाला. त्यांचं व्हिनेगर 12 टक्क्यांचं, आपल्या वाण्याकडचं 4 टक्क्यांचं. त्यांच्या एका भागात तीन भाग पाणी गेलं की 3 टक्के आंबटपणा उरतो. आपल्याला तेवढाच हवा असेल तर व्हिनेगर तीन भाग आणि पाणी एक भाग. साखर तीच, दोन भाग. त्यात कांद्याच्या चकत्या, गाजर, अख्खे मिरे, तमालपत्र. कच्च्या माशाशी खेळू नका. तारली पीठ लावून तळा, मग या पाण्यात बुडवून दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवा. तिकडेही छोटी हेरिंग तळून अशीच मुरवतात, त्यामुळे जावयाला तक्रारीला जागा राहत नाही. मासळीवालीला मात्र कृती सांगू नका. मी सांगितली, तर पुढे महिनाभर तिने मला धड पापलेट दाखवलं नाही.

आता पंचांग. दोन्हीकडचे सण एकमेकांच्या अंगावर येतात, ते आधी सोडवून घ्यावे लागतात. ऑगस्टमध्ये स्वीडिश लोक 'क्रेफ्टशिवा' करतात. गोड्या पाण्यातले क्रेफिश मिठाच्या पाण्यात शेपूच्या तुऱ्यांसह उकडायचे, गार करायचे, गळ्यात लाळेरं नि डोक्यावर कागदी टोपी घालून मोठ्याने भुरके मारत खायचे आणि दारूच्या प्रत्येक घोटाआधी गाणं म्हणायचं. नावात शिवा असला तरी हे श्रावणात चालणार नाही. आम्ही दोन वर्षं भांडलो आणि तिसऱ्या वर्षी तोडगा निघाला: क्रेफ्टशिवा गटारीला. जावयाचं म्हणणं, जुन्या कायद्याने ऑगस्टच्या आधी क्रेफिश विकायलाच बंदी होती, तेव्हा जुलैत हे करणं पाप. त्याला सांगा की आपण क्रेफिश नव्हे, कोळंबी खातो आहोत. कायदा लागू होत नाही. शिवाय त्या दिवशी दिव्यांची अवस, आणि त्यांच्या या बेताला कागदी कंदील लागतातच. त्या कंदिलांवर हसरा, गोल गरगरीत चंद्र छापलेला असतो. अमावास्येला आकाशात जी उणीव असते ती परस्पर भरून निघते.

मिडसोम्मारची संध्याकाळ 19 ते 25 जूनमधल्या शुक्रवारी येते. पानाफुलांनी मढवलेला खांब उभारून त्याभोवती नाचायचं असतं. एखाद्या वर्षी वटपौर्णिमा त्याच सुमारास येते. मग फेऱ्या मारायला वड कोणता आणि खांब कोणता, एवढंच सांभाळा. त्या रात्री मुली उशाखाली सात प्रकारची फुलं ठेवतात, म्हणजे होणारा नवरा स्वप्नात दिसतो. आपण सात जन्मांचं आरक्षण करतो, त्या सात फुलांवर एका जन्माची नुसती चौकशी करतात. नाचाचं मुख्य गाणं बेडकांच्या शरीररचनेतल्या उणिवांवर आहे आणि ते म्हणताना मोठमोठ्या माणसांनी उकिडवं बसून उड्या मारायच्या असतात. सोसायटीच्या लॉनवर आमचे जावई, त्यांचे दोन सहकारी आणि माझे यजमान (गुडघ्याचं ऑपरेशन व्हायच्या आधी) पावसात अशा उड्या मारत असताना वॉचमनने इंटरकॉमवरून विचारलं, "मॅडम, तुमचेच पाहुणे ना?" हो म्हणायला मला जरा वेळ लागला.

मार्चमधल्या वॉफल दिवसावर फार शक्ती खर्च करू नका. 25 मार्च हा मेरीमातेचा 'वोरफ्रुदागेन'. घाईघाईत म्हणता म्हणता त्याचा 'वोफेलदागेन' झाला आणि सगळा देश त्या दिवशी वॉफल खाऊ लागला. उच्चाराच्या चुकीवर उभा राहिलेला सण म्हणून मला तो विशेष आवडतो, पण वॉफलचं यंत्र कपाटात फार जागा खातं. लेंटच्या उपवासांच्या आदल्या मंगळवारी सेमला लागतो: वेलचीचा बन, पोटात बदामाचा मगज, वर क्रीमचा डोंगर. इराण्याकडचा ताजा बन आणून वेलची पेरली की काम भागतं. दुसरा मागितला तर 1771 सालची हकिकत सांगा. त्या वर्षी याच मंगळवारी राजा आडोल्फ फ्रेड्रिक लॉबस्टर, कॅव्हिअर, शॅम्पेन आणि त्यावर गरम दुधातले सेमला एवढं जेवून वारला.

एकाच पदार्थाला पूर्ण मज्जाव: सुरस्ट्रॉमिंग. आंबवलेली हेरिंग, फुगलेल्या डब्यात. एअर फ्रान्स आणि ब्रिटिश एअरवेज यांनी 2006मध्ये हा डबा विमानात न्यायला बंदी घातली. जर्मनीतल्या कोलोन शहरात 1981 साली एका भाडेकरूने त्याचं पाणी जिन्यात शिंपडलं, घरमालकाने त्याला बाहेर काढलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. मालकाच्या बाजूने कोर्टातच एक डबा उघडून दाखवला. निकाल मालकाच्या बाजूने लागला. ज्या सोसायटीत सुकट भाजली तर ग्रुपवर तीन मेसेज येतात, तिथे हे धाडस करू नये.

कधी ना कधी जावई उसासा टाकून म्हणेलच, "हे अस्सल नाही." हत्यार तयार ठेवा. डिसेंबरात जिची मिरवणूक निघते ती लुसिया ही संत इटलीची, तिच्या गाण्याची चाल नेपल्सची. बेडकांच्या नाचाची चाल फ्रेंच लष्करी कूचगीतावरून आल्याचं सांगतात. 1907 साली क्रेफिशमध्ये रोगाची साथ शिरली, तेव्हापासून तेही मोठ्या प्रमाणावर बाहेरून आणतात. ज्या मीटबॉलवर देशाची अब्रू उभी आहे, तो बाराव्या चार्ल्स राजाने तुर्कस्तानातून आणला, असं 2018मध्ये स्वीडनच्या अधिकृत ट्विटर खात्यानेच जाहीर करून टाकलं. केशर, वेलची, दालचिनी कुठून गेली हे मी सांगायला हवं का? आमचे जावई हे सगळं ऐकून गप्प बसले. मग म्हणाले, "पण ते एकत्र आम्ही केलं." हे उत्तर मला मान्य आहे, पण त्यांना तसं सांगितलेलं नाही.

लुसिया 13 डिसेंबरला, पहाटे. पांढरा झगा, कमरेला लाल फीत, डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घातलेली मुलगी गात गात येते आणि केशरी बन नि कॉफी देते. मेणबत्त्या बॅटरीच्याच घ्या आणि नातीचे केस घट्ट बांधा. बन इंग्रजी एसच्या आकाराचा वळायचा आणि दोन्ही वळशांत एकेक बेदाणा दाबायचा. अंधार तिकडच्याइतका मिळणार नाही. साडेसहानंतर सोसायटी योगा करायला लागते. पहिल्या वर्षी आमची मिरवणूक लिफ्टपाशी पोचली, तोच समोरच्या काकूंनी दार उघडलं. त्यांनी चप्पल काढून नातीला नमस्कार केला आणि बनांच्या ताटात अकरा रुपये ठेवले. दरवर्षी ठेवतात.

मुख्य दिवस 24 डिसेंबर. हॅम जावई बाल्कनीत स्वतः करतो. त्या खात्यात मी लक्ष घालत नाही. यान्सोन नावाची एक बटाटे, कांदा, क्रीमची खमंग भाजलेली थाळी असते, तिच्यातला 'आन्शूविस' इंग्रजी पुस्तकं अँकोव्ही म्हणून सांगतात. तो तसला मासा नव्हेच! तो मसाल्याच्या गोडसर पाण्यात मुरवलेला स्प्रॅट नावाचा छोटा मासा. हे न कळल्यामुळे मी महागड्या दुकानातून अँकोव्हीच्या तीन बाटल्या आणल्या आणि घरातल्या प्रत्येकाने रात्रभर माठापाशी खेपा घातल्या. आता त्यात आमचीच मुरलेली तारली जाते.

साडेसात वाजता टीव्हीचा ताबा सोडा, मालिका असली तरी. 1960पासून दर 24 डिसेंबरला दुपारी तीन वाजता स्वीडिश टीव्हीवर डोनाल्ड डकचा, त्यांच्या काल्ले आंकाचा, तोच कार्यक्रम लागतो आणि देश हातचं काम टाकून तो बघतो. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसात. इथे तो दिसत नाही, म्हणून विहीणबाई फोन स्वतःच्या टीव्हीसमोर धरून बसतात. तासभर. मधूनच चित्र हलतं आणि छत दिसतं, तेव्हा त्यांचा हात दुखायला लागलेला असतो. जावई सगळे संवाद आधीच म्हणतो.

शेवटी भाताचा 'ग्रोट', म्हणजे खीरच. तीत एकच अख्खा सोललेला बदाम लपवायचा. ज्याला तो मिळेल त्याचं वर्षभरात लग्न. कृपा करून हे वाक्य दोनदा वाचा: एकच. मी सवयीने मूठभर बदाम टाकले आणि अकराच्या अकरा माणसांची लग्नं ठरली. सासूबाई तेव्हा 84 वर्षांच्या. त्यांनी बदाम चमच्यावर उचलून दिव्याखाली नीट पाहिला आणि जावयाला विचारलं, "स्थळ तुमच्याकडचंच असेल, तर आधी सांगा. मला थंडी सोसत नाही."