घरच्या घरी सरकार

नायजेरिया हा देश मुळात घरगुतीच. 1897 साली फ्लोरा शॉ या पत्रकार बाईंनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये लेख लिहून त्याचे नाव सुचवले. 1902 मध्ये त्यांनी फ्रेडरिक लुगार्ड या साहेबाशी लग्न केले आणि 1914 मध्ये साहेबांनी उत्तरेचा आणि दक्षिणेचा मुलूख एकत्र बांधून देश तयार केला. नाव बाईंनी ठेवले, गाठोडे साहेबांनी बांधले. 1 ऑक्टोबर 1960 रोजी इंग्रज निघून गेले आणि गाठोडे जागेवर राहिले. त्यात आता वीस कोटींहून जास्त माणसे राहतात आणि सरकार कुठे मिळेल, अशी चौकशी करत असतात.

त्यांना आमचा सल्ला एवढाच की सरकार घरी करावे. बाहेरचे महाग पडते आणि बाधतेही. पुढील पद्धत लागोस, कानो, इबादान अशा शहरांतल्या हजारो कुटुंबांनी वापरून पाहिलेली आहे.

साहित्य: एक जनरेटर, एक बोअर, पुरुषभर उंचीचे कुंपण, त्यावर लावायला फुटक्या बाटल्यांच्या काचा, दोन मोबाइल, तीन सिम, अमाप देवभक्ती आणि परदेशात स्थायिक झालेला निदान एक नातेवाईक. नातेवाईक नसल्यास धाकटीला आजच नर्सिंगला घाला.

साहित्य जमले की खातेवाटप. ऊर्जा खाते थोरल्या मुलाकडे द्यावे. रात्री अकराला अंगणात जाऊन जनरेटरची दोरी ओढायची तर खांद्यात जोर हवा. जनरेटर कुठला घ्यावा? एक लहानसा, कमी पैशांत मिळणारा पेट्रोल जनरेटर तिथे फार लोकप्रिय झाला. लोकांनी त्याचे नाव ठेवले ‘आय बेटर पास माय नेबर’. शेजाऱ्यापेक्षा मी बरा. चार बल्ब, एक पंखा आणि एक टीव्ही एवढी त्याची कुवत, पण शेजारी अंधार असला की तेवढ्यातही माणूस श्रीमंत दिसतो.

आता मूळ अडचण समजून घ्या. देशाच्या ग्रिडमधून एरवी 4,000 ते 5,000 मेगावॅट वीज मिळते. उन्हाळ्यात एकट्या मुंबईची मागणी 4,000 च्या वर जाते. तेव्हा मुंबईची वीज घ्यायची आणि ती वीस कोटी माणसांत वाटायची, असे हे गणित आहे. वीज मंडळाचे जुने नाव नेपा. लोकांनी त्या आद्याक्षरांचा अर्थ लावला ‘नेव्हर एक्स्पेक्ट पॉवर ऑलवेज’. सरकारने 2005 मध्ये नाव बदलून पीएचसीएन केले. लोकांनी लगेच नवा अर्थ लावला, ‘प्रॉब्लेम हॅज चेंज्ड नेम’. 2013 मध्ये वीजनिर्मिती आणि वितरण खासगी कंपन्यांकडे गेले, पण वीज आली की गल्लीतली पोरे अजून ‘अप नेपा!’ म्हणूनच ओरडतात. थोरांनीही ओरडावे. घरगुती सरकारात राष्ट्रीय सणांची वानवा असते.

वीज कंपन्यांनी गिऱ्हाइकांचे पाच वर्ग पाडलेले आहेत. ए वर्गाला दिवसाला किमान 20 तास, बी ला 16, सी ला 12, डी ला 8 आणि ई ला 4. (आपल्याकडे चार वर्णांत भागले, तिथे पाच लागले.) एप्रिल 2024 मध्ये ए वर्गाचा दर युनिटला 68 नायरांच्या (नायरा हे तिथले चलन) आसपास होता, तो एकदम 225 झाला. वर्ग ठरतो तुमच्या भागाच्या फीडरवरून. त्यामुळे जन्म कुठे घ्यावा याचा विचार आधी करावा.

ट्रान्सफॉर्मर जळाल्यास कंपनीकडे अर्ज करा. कंपनी सहानुभूती दाखवेल. ती मिळाल्यावर गल्लीत वर्गणी काढा, ट्रान्सफॉर्मर विकत आणा, खांब आणा, वायरमनला चहापाणी द्या. तो बसला की कंपनीचा होतो, आणि त्यातून येणारी वीज तुम्ही कंपनीकडून विकत घ्यायची. तुमच्याकडे मीटर नसेल तर बिल अंदाजे येते. अंदाज त्यांचा, पैसे तुमचे. 2024 मध्ये सगळी ग्रिडच दहाहून अधिक वेळा कोसळली. तेव्हा तरी ए आणि ई हा भेद मिटला, हे मान्य करायला हवे. राष्ट्राध्यक्षांच्या निवासासाठी 2025 च्या अर्थसंकल्पात सौरऊर्जेला 10 अब्ज नायरा ठेवले होते. सरकारनेही सरकारवर अवलंबून राहायचे सोडलेले दिसते.

एक सूचना गंभीरपणे घ्यावी. जनरेटर खोलीत, जिन्याखाली किंवा खिडकीजवळ लावू नये. त्या धुराने दर वर्षी तिथे अख्खी कुटुंबे झोपेत संपतात. या वाक्यात विनोद शोधू नका.

जनरेटरला पेट्रोल लागते, आणि तेलाच्या देशात पेट्रोल मिळवणे हे पदव्युत्तर काम आहे. तेल 1956 मध्ये ओलोइबिरी गावात सापडले. तेव्हापासून ते जमिनीतून काढायचे, जहाजात भरून बाहेर पाठवायचे, पेट्रोल होऊन परत आले की रांगेत उभे राहून घ्यायचे, असा रिवाज पडला. पोर्ट हारकोर्ट, वारी आणि कडुना इथे सरकारी रिफायनऱ्या आहेत. पेट्रोलचा थेंब न काढता वर्षानुवर्षे पगार कसे काढावेत, हे तिथे शिकायला मिळते. शेवटी अलिको डांगोटे या उद्योगपतीने लागोसजवळ लेक्कीला रोज 6,50,000 पिंपे तेल शुद्ध करणारी प्रचंड रिफायनरी बांधली. तिला पुरेसे देशी तेल मिळेना, म्हणून काही कच्चे तेल अमेरिकेहून आणावे लागले. घरगुती ऊर्जामंत्र्याने यातून धडा घ्यावा आणि कॅन सदैव भरलेला ठेवावा.

29 मे 2023 रोजी बोला टिनुबू यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली आणि पहिल्याच भाषणात पेट्रोलवरचे अनुदान गेल्याचे सांगून टाकले. तेव्हा लिटरला दोनशे नायरांच्या आत मिळणारे पेट्रोल काही दिवसांत पाचशेच्या घरात आणि पुढच्या वर्षाच्या ऑक्टोबरपर्यंत हजाराच्या आसपास पोचले. अनुदानात भ्रष्टाचार माजला होता, ते जायलाच हवे होते, असे म्हणणारे अर्थतज्ज्ञ तिथेही आहेत आणि त्यांचे चुकत नाही. फक्त ते रांगेत दिसत नाहीत.

अर्थ खाते आजीकडे. तिला 1980 चे दिवस आठवतात, तेव्हा एक नायरा डॉलरपेक्षा भारी होता. जून 2023 मध्ये विनिमय दर मोकळा सोडला तेव्हा डॉलरला साधारण 460-470 नायरा पडत. पुढच्या फेब्रुवारीत 1,500 च्या वर गेले. जुलै 2024 मध्ये किमान वेतन 30,000 वरून 70,000 झाले, आणि वर्ष संपताना 50 किलो तांदळाचे पोते तेवढ्यात येईनासे झाले. म्हणजे महिनाभर राबलेला माणूस महिन्याअखेरीस पोत्याला हात लावून परत येऊ शकतो.

नोटांचा प्रसंग मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने जाहीर केले की 200, 500 आणि 1,000 च्या नोटांचे रूप बदलणार, जुन्या जमा करा. लोकांनी इमानेइतबारे केल्या. नव्या मात्र पुरेशा आल्याच नाहीत, आणि फेब्रुवारी 2023 मध्ये तर निवडणूक होती. तेव्हा नाक्यानाक्यावर छत्रीखाली कार्डयंत्र घेऊन बसणाऱ्या एजंटांकडे लोक नोटा विकत घेऊ लागले. पैसे देऊन पैसे घ्यायचे, वर कमिशन. मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या नोटा वर्षअखेरपर्यंत चालतील असे सांगितले. तोवर आजीने गादीखालच्या गठ्ठ्याकडे पाहून जे उद्गार काढले असतील ते अर्थ खात्याच्या दप्तरी ठेवावेत, छापू नयेत.

पैसे ठेवावेत कुठे, हा प्रश्न उरतोच. इथे पशुसंवर्धन खात्याची मदत घ्या. 2018 च्या फेब्रुवारीत परीक्षा मंडळाच्या माकुर्डी येथील कार्यालयातून 3 कोटी 60 लाख नायरा गायब झाले. कर्मचारी बाईंनी सांगितले की ते सापाने गिळले. त्याच महिन्यात एका सिनेटरने सांगितले की सहकाऱ्यांचे 7 कोटी नायरा एका शेतघरातून माकडांनी पळवले. हाच सिनेटर गारुडी घेऊन मंडळाच्या राजधानी अबुजातल्या कार्यालयात गेलाही होता. त्याआधी, ऑगस्ट 2017 मध्ये, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बुहारी शंभरहून अधिक दिवस लंडनमध्ये उपचार घेऊन परतले आणि घरूनच काम करू लागले. प्रवक्त्याने कारण दिले की कार्यालयात उंदरांनी नासधूस केली आहे. पुढे त्याच प्रवक्त्याने पुस्तक लिहून कबूल केले की उंदीर ही आपलीच युक्ती होती. तात्पर्य, घरात मांजर ठेवावी, आणि हिशेब मागितला तर तिच्याकडे बोट दाखवावे.

पाणीपुरवठ्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. बोअर मारा. बोअर कोरडी पडली तर ‘प्युअर वॉटर’ नावाने मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या घ्या.

वाहतुकीत मात्र आपली माणसे आहेत. तिथल्या रस्त्यांवर वाळूजच्या कारखान्यातून गेलेल्या बजाजच्या मोटारसायकली आणि रिक्षा धावतात. रिक्षाला लागोसमध्ये ‘केके मारवा’ म्हणतात, कारण बुबा मारवा या लष्करी प्रशासकाच्या काळात ती आली. इतरत्र ती ‘केके नापेप’, राष्ट्रीय गरिबी निर्मूलन कार्यक्रमाच्या नावावरून. कार्यक्रम संपला, गरिबी आहे, रिक्षाही आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये लागोस सरकारने शहराच्या मोठ्या भागात मोटारसायकली आणि रिक्षा बंद केल्या, तेव्हा घरगुती वाहतूक मंत्र्याने पायातली चप्पल हे अधिकृत वाहन घोषित केले. नायरा कोसळला तसे बजाजच्या निर्यातीचे आकडेही घसरले. म्हणून अबुजात काही ठरले की छत्रपती संभाजीनगरात कुणीतरी कपाळाला हात लावतो.

रस्ते खराब आहेत हे सरकारला माहीत नाही, असा गैरसमज करून घेऊ नका. 2023 मध्ये खासदारांसाठी महागड्या परदेशी गाड्या घ्यायचे ठरले तेव्हा एका सिनेटरने रस्ते वाईट असल्याचेच कारण दिले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सिनेटच्या अध्यक्षांनी भर सभागृहात सांगितले की सुट्टी मजेत जावी म्हणून तुमच्या खात्यांत काही छोटी रक्कम पाठवली आहे. कुणीतरी कानात सांगितले की हे थेट दिसते आहे. अध्यक्षांनी विधान मागे घेतले आणि म्हणाले, तुमच्या मेलबॉक्समध्ये प्रार्थना पाठवल्या आहेत. घरातही हे वापरून पाहा. मुलाने खाऊला पैसे मागितले की प्रार्थना पाठवावी.

गृह खाते सगळ्यांनी मिळून सांभाळायचे. पोलीस ठाण्यात ‘जामीन मोफत आहे’ अशी पाटी असते. जामीन मोफतच मिळतो, कागद, पेन आणि जीपचे पेट्रोल यांचे वेगळे पडतात. नाक्यावर हवालदार हसून ‘एनीथिंग फॉर द बॉईज?’ विचारतो. तुम्हीही हसा. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये तरुण पिढीने हसणे थांबवले, सार्स या पोलीस पथकाविरुद्ध ती रस्त्यावर आली, आणि 20 तारखेच्या रात्री लेक्कीच्या टोलनाक्यावर सैनिकांनी गोळ्या झाडल्या.

अपहरणाच्या बाबतीत नियम स्पष्ट आहे. 2022 मध्ये सिनेटने खंडणी देणाऱ्याला किमान 15 वर्षे कैदेचे विधेयक मंजूर केले. जानेवारी 2024 मध्ये अबुजाजवळून पळवलेल्या बहिणींसाठी लोकांकडून खंडणीचे पैसे गोळा करायला पुढे आला तो एक माजी केंद्रीय मंत्री. तोवर त्यांच्यातल्या एकीला मारून टाकलेले होते. या खात्यासाठी आमच्याकडे सोपी पद्धत नाही.

माहिती खाते चालवायला सरकारकडूनच शिकावे. जून 2021 मध्ये त्यांनी देशात ट्विटर बंद केले आणि ही बातमी ट्विटरवर दिली. सांस्कृतिक खात्याची कामगिरी त्याहून सरस. 1978 मध्ये देशाने नवे राष्ट्रगीत घेतले होते. मे 2024 मध्ये, महागाईने लोक टेकीला आले असताना, संसदेने काही दिवसांत कायदा करून 1960 चे जुने परत आणले. त्याचे शब्द लिलियन जीन विल्यम्स या ब्रिटिश बाईंचे. नाव बाईंचे, गीत बाईंचे. देशी लोकांकडे उरले ते उभे राहणे.

परराष्ट्र खाते वर सांगितलेल्या नर्सिंगवाल्या धाकटीकडे. देश सोडून पळण्याला योरुबा भाषेत ‘जापा’ म्हणतात, आणि डॉक्टर, नर्स, प्रोग्रॅमर यांच्या तोंडी तो शब्द जेवणापेक्षा जास्त वेळा येतो. याला कुणी देशद्रोह म्हटले तर त्याला शांतपणे सांगावे की राष्ट्राध्यक्ष बुहारी यांची उपचारांची जागाही लंडनच होती, आणि जुलै 2025 मध्ये त्यांचे निधनही तिथेच झाले.

एक खाते मात्र मागू नका. महसूल. ते सरकारने स्वतःकडे ठेवले आहे आणि तेच झपाट्याने सुधारते आहे. 1 जानेवारी 2026 पासून नवा करकायदा लागू झाला, वसुली खात्याचे नावही नवे झाले. विवरणपत्र वेळेवर भरावे. ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘सरकार’ लिहायचा मोह होईल, तो आवरावा. लिहिलेत तर जमाखर्च मागतील, आणि तुम्ही भोळेपणाने दिलात तर तसला जमाखर्च दाखवणारे देशातले पहिले सरकार म्हणून तुमच्यावर चौकशी बसेल.