चिखल बघून मुक्काम

भिवंडीचा माणूस शिडाच्या होडीतून कोकण किनारा फिरायला निघाला म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग होडीत माल काय भरलाय ते विचारतात. आमच्या गावाची ओळख यंत्रमाग, गोदामं आणि खड्डे अशी तीन शब्दांत आटोपते. पण १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठ्यांच्या आरमाराची सुरुवातीची जहाजं आमच्याच खाडीकाठी बांधायला घेतली, हे मी प्रत्येक लग्नात किमान एका पाहुण्याला तरी सांगतो. कामावर रुई लैतांव व्हियेगस नावाचा पोर्तुगीज कारागीर होता, त्याचा मुलगा आणि बरीच माणसंही होती. जहाजं समुद्रात न्यायची वाट मात्र वसईवरून किंवा ठाण्यावरून, आणि दोन्हीकडे पोर्तुगीजच बसलेले. वसईकरांनी कान भरले आणि ही मंडळी काम अर्धवट टाकून पळाली. कारागीर गेला तो परत आलाच नाही, हे दुःख काय असतं ते आमच्या यंत्रमागवाल्यांना कुणी समजावून सांगायला नको.

तर, असा वारसा घेऊन मी फेब्रुवारीत रत्नागिरीहून मेहुण्याच्या होडीवर चढलो. मेहुणा पुण्याचा. होडी नवी, पॅन्ट पांढरी आणि समुद्राचं सगळं ज्ञान मोबाइलमध्ये. सोबत एक तांडेल होते. त्यांना आम्ही मामा म्हणायचो आणि ते आम्हाला काहीच म्हणायचे नाहीत.

दिवसा होडी चालवणं फार कठीण नाही. पोटात ढवळतं तेवढंच. खरी परीक्षा दुपारी चारला सुरू होते, कारण तेव्हा ठरवायचं असतं की रात्री झोपायचं कुठे. भर समुद्रात हा प्रश्न नसतो. कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये ‘म्हादेई’ या शिडाच्या होडीतून एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, पण त्यांना वाटेत थांबे घ्यावे लागले ते चारच. आम्हाला रोज संध्याकाळी एक! जहाजाला पाण्याची भीती नसते, जमिनीची असते. आणि कोकणात जमीन म्हणजे कडे, पाण्याखालची खडपं आणि खाड्यांच्या तोंडाशी दडलेले वाळूचे दांडे.

मेहुण्याने गणेशगुळ्याची पुळण पसंत केली. फोटो खरोखर सुंदर होता. मी म्हटलं, “ट्रक रात्री लावताना ड्रायव्हर देखावा बघत नाही. रात्री दोनला कोण येऊन त्रास देईल, ते बघतो.” मामांनी प्रथमच माझ्याकडे माणूस म्हणून पाहिलं.

इथे त्रास देणारा म्हणजे वायव्येचा वारा. या दिवसांत तो दुपारी चढतो आणि तिन्हीसांजेला पडतो. रात्री जमिनीवरून मतलई सुटतो, तोही गुमान वाहतो. पण वारा गेला तरी त्याने उठवलेल्या लाटा जात नाहीत, पाहुणे गेल्यावर पोरं मागे राहावीत तशा. पश्चिमेला उघड्या किनाऱ्यावर नांगर टाकला की त्या होडीला आडवं धरून रात्रभर झुलवतात आणि कपाटातली भांडी भजन करतात. भर रात्री वारा उलटला तर पाठीशी किनारा, आणि तो हलत नाही. म्हणून तोंड वायव्येला नसलेली, वळण घेऊन आत गेलेली खाडी शोधायची.

ती विजयदुर्गला आहे. वाघोटण खाडीच्या तोंडाशी दांडा नाही. कसल्याही हवेत आत शिरता येतं, म्हणून तर आंग्र्यांनी तिथे आरमार ठेवलं. वाऱ्यापासून ते सुरक्षित होतं. पण फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह आले. एक तोफगोळा ‘रेस्टोरेशन’ जहाजावर पडला, जवळजवळ उभ्या असलेल्या जहाजांनी एकमेकांची आग घेतली आणि सगळं आरमार जळून गेलं. शेजाऱ्यापासून अंतर ठेवावं, हे मी यावरून मेहुण्याला पटवलं. तो एका मच्छीमार ट्रॉलरच्या अगदी कुशीत शिरत होता, ‘सोबत असावी’ म्हणून. नांगरावरची होडी भरती-ओहोटीबरोबर पूर्ण गोल फिरते. सोबत पहाटे चारला नाळेवर येऊन आदळते.

किल्ला मागे टाकून आम्ही आत गेलो. मामांनी दोरीला बांधलेला शिशाचा गोळा काढला, त्याच्या बुडाला ग्रीस फासलं आणि पाण्यात सोडला. वर आला तेव्हा ग्रीसला काळा, घट्ट, वासाचा चिखल चिकटलेला. मेहुण्याने नाक दाबलं. मामा प्रसन्न झाले. खडकात नांगर एक तर धरत नाही, नाही तर धरला की सोडत नाही. वाळू ठीक. पण घट्ट चिखलासारखं धरून ठेवणारं दुसरं काही नाही. कामवारी नदीकाठचा चिखल पायाला लावून वाढलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल! आयुष्यभर नावं ठेवून घेतलेली वस्तू इथे पहिल्या नंबरात पास.

दोरावर मात्र वाद झाला. पाण्याची खोली, होडीच्या नाळेची उंची आणि चढणारी भरती यांची बेरीज करायची, तिच्या पाच ते सातपट दोर सोडायचा. दोर आडवा ओढला गेला तरच नांगर रुततो, उभा ओढला की उपटतो. मेहुण्याने तिप्पट सोडून “बास झाला” म्हटलं. दोर स्वतःचाच, परत मिळणारा, तरी काटकसर. मामांनी काही न बोलता उरलेला सोडून दिला.

नांगर घसरतोय का, हे कळायला किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून ठेवतात. मामांनी एक माड आणि त्यामागचा देवळाचा कळस धरला. मेहुण्याला अंधारात कळस दिसेना, म्हणून त्याने स्वतःची खूण निवडली: धक्क्याजवळचा एक लाल दिवा. रात्री दोनच्या सुमाराला त्याची किंकाळी ऐकू आली, “नांगर सुटला! दिवा सरकतोय!” मामा उठले. चंद्र होता, माड जागेवर होता, कळस माडामागे होता. ते परत झोपले. मेहुणा बसला टॉर्च घेऊन.

सकाळी धक्क्यावरच्या चहावाल्याकडे उलगडा झाला. तो ट्रकचा मागचा दिवा होता. कुणाच्या दुकानात फ्रिज उतरवून ड्रायव्हरने दोन तास डोळा लावला आणि मग रिकामी गाडी घेऊन भिवंडीच्या गोदामाकडे निघाला. नंबर एमएच ०४. त्यानंतर देवगडपर्यंत मेहुणा माझ्याशी एक शब्द बोलला नाही, जणू गाडी मीच चालवत होतो.