कॅप्टनसाहेबांचं आडनाव

"काकू, आहात का? जरा कुंपणापाशी या ना. ग्रुपवरचा मेसेज वाचलात?"

"कुठला गं? चष्मा आत राहिलाय माझा."

"इस्त्रीवाल्यानं नगामागे रुपया वाढवला. सेक्रेटरींनी लगेच फर्मान काढलं, सोमवारपासून बॉयकॉट!"

"एका रुपयासाठी? त्या कॅप्टननं कपाळाला हात लावला असता."

"कोण कॅप्टन?"

"बॉयकॉट! आडनाव आहे ते माणसाचं."

"म्हणजे तो क्रिकेटवाला जेफ्री?"

"तो नव्हे गं. हा चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट. इंग्लंडातल्या नॉरफकच्या एका पाद्र्याचा मुलगा. सैन्यात राहिला थोडाच काळ, पण 'कॅप्टन' काही सुटलं नाही. पुढे आयर्लंडला मेयो परगण्यात गेला. तिथे लॉर्ड अर्नची जमीन होती, हा तिचा कारभारी. मालक लांब, आणि खंड वसूल करायला हा समोर. मग शिव्या कोणाला बसणार?"

"कारभाऱ्यालाच. आणि मग?"

"१८७९ साली पीक बुडालं. पुढच्या वर्षी कुळं म्हणाली, खंडात पंचवीस टक्के सूट द्या. लॉर्डसाहेब दहाच्या पुढे सरकेनात. सप्टेंबरात अकरा कुळांना जमीन सोडायच्या नोटिसा निघाल्या. बेलिफ पोलीस घेऊन निघाला, दोनतीन घरं झाली, आणि पुढच्या घरी बाईनं नोटीस घ्यायलाच नकार दिला. इशारा गेला, आसपासच्या बायका धावत आल्या. दगड, चिखल, शेण, हाताला येईल ते! बेलिफ पळत सुटला तो थेट कॅप्टनच्या घरात."

"बायकांनी? शाब्बास!"

"खरी गंमत पुढेच आहे. दुसऱ्या दिवसापासून कॅप्टनचे गडी गेले, घरातल्या मोलकरणी गेल्या. जवळच्या बॅलिनरोब गावातले दुकानदार सामान देईनात. लोहार घोड्याला नाल मारीना. टपाल आणणारा पोऱ्या यायचा बंद. परटीणसुद्धा कपडे घेईना. रस्त्यात कोणी बोलेना."

"हे सुचलं कोणाला?"

"तीनच दिवस आधी, १९ सप्टेंबर १८८० ला, एनिस गावी पार्नेलची सभा झाली होती. आयरिश शेतकऱ्यांच्या लँड लीगचा तो अध्यक्ष. त्यानं विचारलं, हुसकावलेल्या कुळाची जमीन जो दुसरा घेईल त्याचं काय करायचं? गर्दीतून आवाज आला, गोळी घाला! तो म्हणाला, नको, त्याच्याशी बोलणंच टाका. बाजारात, दुकानात, प्रार्थनेच्या जागीसुद्धा. बोलला होता जमीन बळकावणाऱ्या कुळांबद्दल, मेयोच्या लोकांनी ते लावलं कारभाऱ्याला."

"आणि पीक? ते कोणी काढलं?"

"कॅप्टननं लंडनच्या 'टाइम्स'ला पत्र लिहिलं, बोभाटा झाला. मग नोव्हेंबरात कॅव्हन आणि मोनाहन परगण्यांतून पन्नास स्वयंसेवक आले, सलगम आणि बटाटे काढायला. त्यांच्या रक्षणाला हजाराच्या आसपास शिपाई आणि पोलीस! पीक होतं पाचएकशे पौंडांचं, खर्च आला दहा हजार. पार्नेलनं टोमणा मारला, एकेका सलगमामागे सरकारचा शिलिंग गेला. १ डिसेंबरला कॅप्टननं बाडबिस्तरा आवरला."

"आणि आडनावाचा शब्द कसा झाला?"

"जेम्स रेडपाथ नावाचा अमेरिकन पत्रकार तिथे आला होता. त्याच्याजवळ होता 'ऑस्ट्रसिझम' असला भारदस्त ग्रीक वळणाचा शब्द. तो कुळांच्या तोंडी कसा बसायचा? तिथले पाद्री फादर ओमॅली म्हणाले, मग 'बॉयकॉट करणं' म्हटलं तर? हे रेडपाथनं स्वतःच लिहून ठेवलंय. महिना-दोन महिन्यांत शब्द वर्तमानपत्रांत, मग फ्रेंचांत, जर्मनांत, रशियनांत, पार जपानीतसुद्धा. पुढच्या वर्षी कॅप्टन अमेरिकेला गेला तेव्हा, सांगतात, बोटीवर नाव दिलं चार्ल्स कनिंगहॅम. आडनाव गाळून!"

"बाई गं!"

"नीट बघ, तिथे परटिणीनं साहेबाला वाळीत टाकलं, आणि आपण निघालोय इस्त्रीवाल्याला टाकायला. उलटी गंगा! त्या गड्यांचा पगार बुडाला, दुकानदारांचं गिऱ्हाईक गेलं. ज्याला स्वतःला झळ लागते त्याचा बॉयकॉट मी मानते. आपलं काय जाणार? इस्त्री घरात पडलेलीच आहे."

"पण आपल्याकडेही टिळकांनी बहिष्कार सांगितला होताच की."

"सांगितला! बंगालच्या फाळणीनंतर. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण. १९०५ च्या दसऱ्याला पुण्यात सावरकरांनी विलायती कापडाची होळी केली. पण तेव्हा लोकांनी मऊ कापड सोडून जाडंभरडं अंगावर घेतलं गं. ते परक्या सरकारशी भांडण होतं. आणि हे वाळीत टाकणं म्हणशील, तर आपल्याकडे त्याला कॅप्टनची गरज नव्हती. गावकीनं, जातीनं एखाद्या घराचं पाणी तोडायचं, लग्नकार्य अडवायचं, हे जुनंच. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, आणि पुढच्याच महिन्यात बाबासाहेबांनी पाक्षिक काढलं त्याचं नाव काय? 'बहिष्कृत भारत'. मेयोत गरिबांनी वरच्याला टाकलं, इथे वरच्यांनी गरिबाला. शब्द एकच, म्हणून दोन्ही एका मापानं मोजायचं नाही."

"मग ग्रुपवर काय लिहू?"

"लिही, रुपया द्या आणि गप्प बसा. आणि माझंच नाव घाल खाली. मात्र गावात कोणाचं घर खरोखर वाळीत पडलं असेल, तर ते हसण्यावारी नेऊ नकोस. महाराष्ट्रानं २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केलाय, पुढच्या वर्षीपासून तो लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही."