सतरंजी आणि कंबर

भोकरदन तालुक्यातील हसनाबादेत निजामी अंमल १९४८ साली संपला, तरी जाजम-सतरंजीचा दरबारी इतमाम लग्नमंडपातून नि ग्रामसभेतून अद्याप अबाधित आहे. आणि ज्या वस्त्रावर गावची यच्चयावत प्रतिष्ठा मांडी घालून बसते, ते झटकण्याचा हुकूम मात्र नेमका कमरेत वाकणाऱ्याच्या नावे निघतो, हा दस्तूर कोणत्याही राजवटीने बदललेला नाही.

झटकण्यास पर्याय म्हणजे यंत्र. इंग्लंडात ह्यूबर्ट बूथने १९०१ साली काढलेले धूळ शोषणारे यंत्र घोडे जुंपून दाराशी आणीत व नळी खिडकीतून आत सोडीत. पुढच्याच वर्षी सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर ॲबीतील गालिचे त्याने साफ झाले, म्हणजे सवलत तेथेही प्रथम राजासच मिळाली.

अशा यंत्राचा आजचा विक्रेता वॅट, लिटर आणि हमीची मुदत तोंडपाठ सांगतो. परंतु दांडी इतकी लांब आहे काय की पाठ ताठ राहावी, मूठ मनगट न मुरगळता धरता येते काय, भरलेली टाकी एकट्यास उचलते काय, या क्षुल्लक बाबी चर्चेस येत नाहीत, कारण खरेदी करणारा यंत्र चालवीत नाही आणि चालविणाऱ्यास खरेदीस कोणी नेत नाही. त्यातून धूळ आधी कोरडी न शोषता पाणी सोडले, की टँकरने आलेल्या पाण्याचा सतरंजीवर विनासायास चिखल होतो.

सबब शिफारस अशी की, यंत्रखरेदीच्या मंजुरीपूर्वी मंजुरी देणाऱ्यांनीच अर्धी सतरंजी स्वहस्ते साफ करावी; उरलेली अर्धी हाती घेण्यापूर्वीच लांब दांडीचा ठराव एकमताने संमत होईल.