उरल्या किती?

"एपीआयनं अडवलंय," असं मी 2016 च्या उन्हाळ्यात चहाच्या टपरीवर बोलून गेलो आणि तासाभरात गल्लीतले एक काका घरी हजर झाले. लोहाऱ्यात एपीआय म्हणजे सहायक पोलीस निरीक्षक. काकांनी आवाज खाली आणला. "गाडी धरली का मारामारी? ओळख निघंल. फोन लावू का?"

मी सांगितलं, हा खाकीतला एपीआय नाही, ट्विटरचा आहे. त्यांच्याकडची माहिती आपल्या प्रोग्रॅमला परस्पर मागता यावी म्हणून ठेवलेलं मागचं दार.

"मग पुढच्या दारानं जा की," काका म्हणाले आणि चहा न घेता गेले.

पुढच्या दारानं जाण्यासारखं काम नव्हतं. मला ट्विटरवर 212 फॉलोअर होते. एका सकाळी ते 211 झाले. जगातली सातशे कोटी माणसं मला फॉलो करत नाहीत, याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. या एकानं सोडलं, ते मात्र लागलं. कोण तो, हे शोधायला मी रात्र जागून प्रोग्रॅम लिहिला. दर अर्ध्या मिनिटाला फॉलोअरांची यादी मागवायची, आधीच्या यादीशी ताडायची, फितूर पकडायचा. मित्रांना सांगताना मी त्याला 'समाजमाध्यमांतील बदलत्या निष्ठांचा अभ्यास' म्हणत असे.

ही यादी मागायला ट्विटरची मर्यादा होती पंधरा मिनिटांत पंधरा वेळा. माझा कोटा साडेसात मिनिटांत संपायचा आणि उत्तर यायचं, 429. म्हणजे फार विनंत्या झाल्या, थांबा. दिवसभरात ज्याला कुणी काही विचारत नाही, असा मी साडेसात मिनिटांत पंधरा वेळा विचारत होतो, की मी अजून आवडतो ना? पुढची साडेसात मिनिटं दार बंद. तेवढ्यात कुणी सटकलं तर पत्ता लागायचा नाही, म्हणून मी ती येरझाऱ्या घालत काढायचो.

आमच्या आधीच्या लोकांना तर ट्विटर याच गुन्ह्याला 420 हा आकडा पाठवायचं, सोबत 'जरा शांत व्हा' अशा अर्थाचा निरोप. तो म्हणे 1993 च्या 'डेमॉलिशन मॅन' या इंग्रजी सिनेमातून उचललेला. तिकडं विनोद झाला असेल. इकडं एपीआयनं एखाद्याला चारशे वीस लावलं म्हटल्यावर त्याच्या घरच्यांनी काय समजायचं? आता तर 1 जुलै 2024 पासून फसवणुकीचं कलमही 318 झालंय. पण 'तो पक्का तीनशे अठरा आहे' असं म्हणणारा माणूस अजून मला भेटायचाय.

आता बादल्या. विषयाला सोडून आहे, पण मला राहवत नाही.

विनंत्यांना आवर घालायच्या ज्या रीती संगणकवाले शिकवतात, त्यातल्या एकीचं नाव आहे 'लीकी बकेट'. गळकी बादली. वरून विनंत्या कशाही ओता, बुडाच्या भोकातून त्या एकाच गतीनं ठिबकणार. बादली भरली की वरच्या सांडून वाया. हे मी वाचत होतो त्याच एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा डबे, पाच लाख लिटर. आमच्याकडं माकणीच्या धरणाचा विषय निघाला की माणसं गप्प व्हायची. अशा दिवसांत शहाण्यासुरत्या माणसांनी गळक्या बादलीचा आदर्श ठेवावा? आमच्या घरात बादली गळाली की आई उलथनं लाल होईपर्यंत तापवायची, फुटक्या मगाचा तुकडा त्या भोकावर ठेवून दाबायची आणि वास जायच्या आत बादली रांगेत लावायची.

दुसरी रीत 'टोकन बकेट'. ठरावीक वेळानं बादलीत एक बिल्ला पडतो, बिल्ला दिला की विनंती पुढं जाते. बिल्ले साठले तर एकदम चार मागता येतात. ही मात्र आईची. जावई यायचे असले की ती तीन दिवस आधीपासून आमच्या अंघोळी कापायची. मग जावयाला काठोकाठ बादली आणि वर, "लागलं तर अजून घ्या." आम्हाला पेलासुद्धा अर्धाच. "संपव, मग माग." तांदळाचं पाणी कढीपत्त्याला, कपड्यांचं शेवटचं पाणी मोरीला. रात्री घागरींवर फडकी टाकताना ती एकेकीला टिचकी मारायची आणि आवाजावरनं सांगायची, अर्धी का पाऊण. टँकरवरनं आल्याबरोबर तिचा पहिला प्रश्न, "उरल्या किती?" ट्विटरच्या प्रत्येक उत्तराच्या माथ्यावरही हेच लिहिलेलं असतं, तुमच्या एवढ्या उरल्या. आईला ओळ तयार करायला इंजिनिअर लागला नाही, एवढाच फरक.

ट्विटरची रीत तिसरी, पंधरा मिनिटांची खिडकी. खिडकी मिटली की नवा कोटा, जुन्यातलं उरलंसुरलं गेलं. साठवण नाहीच. ज्यानं ही काढली त्याच्या डोक्यावर कधी हंडा नसणार.

पुढं फेब्रुवारी 2023 मध्ये ट्विटरनं फुकटची सोय बंद करणार म्हणून जाहीर केलं. त्याच महिन्यात आमच्या जिल्ह्याचं उस्मानाबाद शहर धाराशिव व्हायला केंद्राची मंजुरी आली, त्या धामधुमीत माझा तो हेर प्रोग्रॅम मेला तरी कुणाला कळलं नाही. बरंच झालं. माहिती मागायची तर 2023 मध्ये महिन्याला किमान शंभर डॉलर पडायला लागले, म्हणजे आठ हजारांच्या वर. माझ्या अहंकाराला तेवढा भाव कधीच नव्हता. पण कुठं भूकंप झाला की त्याची नोंद आपोआप टाकणारे छोटे प्रोग्रॅम लोक पदरमोड करून चालवायचे, ते आठवले आणि मी चिडलो. सास्तूर आमच्याच तालुक्यातलं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपानंतर आमच्याकडं रात्री भांडं पडलं तरी माणसं दारात येतात. तसली नोंद हौसेनं चालवणाऱ्यालाही त्या पहिल्या घोषणेत सूट नव्हती.

जुलैत तर वाचण्यावरच मर्यादा आली. साध्या खात्याला दिवसाला 600 पोस्ट. मी आईजवळ कुरकुर केली.

"संपलं का तिथलं?" तिनं विचारलं.

"नाही. भरपूर आहे."

"मग? कुणाचं हाय ते?"

"लोकांनीच लिहिलेलं. माझंपण आहे त्यात."

"तुम्हीच भरलेल्या टाकीला कुलूप लावलं व्हय?"

मी म्हटलं, मालक म्हणतात, बाहेरचे लोक उपसून न्यायला लागलेत. काही तासांतच 600 चे 800 झाले, मग 1000. आईला ते अजिबात पटलं नाही. टंचाईत आकडा खालीच जातो, हे तिला ठाऊक. वर जाणारी टंचाई तिनं बघितली नव्हती.

2016 चं एक सांगायचं राहिलं. तो फितूर सापडला. एकेक नवा फॉलोअर मिळाल्याच्या 212 मेल मी जपून ठेवल्या होत्या. त्या यादीशी ताडून बघितल्या. गायब झालेलं खातं माझंच होतं. माझ्याच ओळींना लाइक द्यायला काढलेलं आणि पुढं लाजेनं बंद केलेलं. वर हेही कळलं की एका विनंतीत पाच हजार खाती यायची. माझी 211 पहिल्याच फेरीत आली होती. एवढी धावपळ, येरझाऱ्या, सगळं फुकट. काम एका विनंतीचं होतं.

आई दारात घागर घासत होती. म्हणाली, "झालं का तुझं? काय करायलास मघापासून?"

"झालं. पंधरातली एकच लागली."

"उरल्या किती?"

"चौदा."

"मग झाकून ठेव."

पंधरा मिनिटांत त्या चौदाही वाया जाणार, हे तिला सांगायचं माझ्या जिवावर आलं. बरं म्हणालो आणि लॅपटॉप झाकला.