टँकचे सेक्रेटरी

आमच्या सोसायटीत काका ११ वर्षं सेक्रेटरी होते. मग एका सर्वसाधारण सभेत पार्किंगवरून असा काही गदारोळ झाला की त्यांना घरी बसावं लागलं. घरी बसलेली माणसं योगासनं करतात, नातवंडांना पाढे शिकवतात. काकांनी ४ फुटी फिश टँक आणला आणि पुन्हा सेक्रेटरी झाले. या वेळी बिनविरोध.

असे काका डोंबिवलीपासून कोथरूडपर्यंत कुठेही सापडतात. ओळखायची खूण एकच. घरातल्या सोफ्याची टीव्हीकडे पाठ आणि टँककडे तोंड असतं.

काकांच्या टँकमधले मूळ सभासद म्हणजे ४ एंजल मासे. पतंगासारखे चपटे, अंगावर काळे उभे पट्टे आणि चालीत खानदानी संथपणा. बाकी कुणालाही आत यायचं तर काकांची एनओसी लागते. हे ठाऊक नसल्याने मी क्रॉफर्ड मार्केटमधून ६ निऑन टेट्रा पिशवीत घालून भेट म्हणून नेले. दुकानदार म्हणाला होता, "बिनधास्त टाका साहेब, सगळे एकत्र राहतात." त्याच्या दुकानात राहत असतीलही, तिथे कुणाला मोठं व्हायला वेळ कुठे मिळतो!

काकांनी पिशवी उजेडात धरली. "लांबी किती?"

"असतील तीनेक सेंटीमीटर."

"एंजल १५ पर्यंत जातो. पंख धरले तर उंची त्याहून जास्त. तोंडात मावतो तो शेजारी नव्हे, फराळ."

"पण काका, दोघंही अ‍ॅमेझॉनकडचे. गाववाले ना!"

"गाववाले म्हणूनच चव माहीत आहे."

सहाही निऑन घेऊन मी परत आलो. आता त्यांच्यापायी आमच्याकडेही टँक आहे.

त्या दिवसापासून मी काकांच्या मुलाखती पाहायला बसू लागलो. टायगर बार्बचा अर्ज त्यांनी वाचायच्या आधीच फेटाळला. दिसायला ऐटबाज, पण एंजलचे लांब पंख म्हणजे त्याच्या दृष्टीने दोरीवर वाळत घातलेलं धोतर. ओढल्याशिवाय पुढे जाववत नाही. गोल्डफिशचा प्रश्न नुसत्या हवामानाचा. "ह्यांना २७ अंश लागतात, त्याला गारवा. एक म्हणणार पंखा बंद करा, दुसरा म्हणणार एसी लावा. वर घाण किती करतो! मेंटेनन्स कोण भरणार?"

सर्वांत जास्त राग सकर माशावर. दुकानदार त्याला सफाई कामगार म्हणून विकतात. हा बोटाएवढा येतो, फूटभर होतो आणि रात्री काच सोडून एंजलच्या चपट्या अंगाला चिकटतो, तिथला चिकट थर खरवडायला. मग कंटाळलेली माणसं त्याला नदीत सोडून येतात. "उजनीच्या कोळ्यांना विचार त्यांच्या जाळ्यात काय येतं ते!" काका कडाडतात. या मुद्द्यावर मात्र मला त्यांच्या बोलण्यात खोट काढता येत नाही.

मंजुरी मिळाली ती मोती गुरामीच्या जोडीला आणि ६ कोरींना. कोरी म्हणजे मिशाळ, गरीब, तळमजल्यावर वाळूत नाक खुपसून राहणारी मंडळी. त्यांनाही आधी ३ आठवडे वेगळ्या टाकीत बसवलं होतं, रोगराई आहे का बघायला. आणि सगळ्यांच्या जेवणासाठी काकूंच्या फ्रीझरमध्ये मटाराशेजारी लाल किड्यांच्या गोठवलेल्या वड्या आहेत. काकूंनी त्या डब्यावर मोठ्या अक्षरांत 'ह्यांचं' असं लिहून ठेवलं आहे. पाहुण्यांचा गैरसमज होतो, पण काकू तो दूर करत नाहीत.

इतकी चोख व्यवस्था आणि घोटाळा केला तो मूळ सभासदांनीच. एंजलमधला नर कोण नि मादी कोण, हे नुसतं पाहून कळत नाही. त्यांचं त्यांना कळतं. एके दिवशी चारातल्या दोघांना ते कळलं. त्यांनी फिल्टरच्या उभ्या नळीवर ओळीने अंडी घातली आणि अर्धा टँक ताब्यात घेतला. उरलेले दोन एंजल, गुरामी, बिचाऱ्या कोरीसुद्धा एका कोपऱ्यात झाडामागे दाटीवाटीने उभ्या. जो पुढे येईल त्याच्यावर दोघं नवराबायको धावून जात.

"नोटीस काढा," मी म्हणालो.

"कुणाच्या नावे?" काका हताशपणे म्हणाले. "मी ज्यांच्यासाठी एवढे नियम केले, त्यांच्या?"

दोन रात्री ते सोफ्यावर झोपले. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. नळी स्वच्छ झाली होती, अंडी आईबापांनीच खाल्ली होती. नवशिक्या जोड्या असं करतात.

"अनधिकृत बांधकाम होतं," काका म्हणाले. "त्यांचं त्यांनीच पाडलं."

मग बराच वेळ फोनवर नुसती फिल्टरची बुडबुड ऐकू येत राहिली.